मागचा फोटो कुठाय?

महानंदा बिराजदारचा मी जन्मभर हेवा केला. मनातल्या मनात, सभ्यपणे वगैरे नाही. चांगला बोलून, घरात भांडी आपटून केला. माझा नवरा विश्वास म्हणायचा, "तिचं नाव निघालं की तुझ्या उलथन्याचा आवाज बदलतो." आम्ही दोघी नांदेडला मेडिकलच्या एकाच वर्गात शिकलो. पुढे मी लातूरला एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी वाचणारी रेडिओलॉजिस्ट झाले आणि ती उदगीरला छातीची डॉक्टर झाली. माझं मशीन तिच्या गावातल्या मशीनपेक्षा नवं, माझे रिपोर्ट टाइप केलेले, माझ्या वेटिंग रूममध्ये थंड हवा. तरी माझा रिपोर्ट हातात घेऊन बाहेर पडलेला माणूस जिन्यातच मोबाइल कानाला लावायचा आणि म्हणायचा, "झालं इथलं. आता उदगीरच्या बाईला दाखवतो." तो जिना माझ्या खिडकीला लागून होता. खिडकी बंद करून बघितली, पण उकडायला लागलं.

दिसायला ती ठेंगणी, चष्मा जाड, कपाळावर सकाळच्या विभूतीची दुपारपर्यंत पुसट होत जाणारी रेघ. आवाज असा घोगरा की फोनवर लोक तिला "हां साहेब" म्हणत. घरची बोली कानडी, बाहेरची उदगिरी. कुणी तिच्यावर रागावलं, कुणी उशिरा आलं, कुणी तपासणीच्या टेबलावर चहा सांडला, की ती एकच शब्द बोलायची, "इरली." म्हणजे, असू दे. दुपारी डब्यातली सुशीला खायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सुशीला म्हणजे आमच्याकडचे भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे. फोटो बघताना ती तो उजेडाकडे धरायची, मान कलती करायची, एक डोळा मिटायची. हातात फोटो नसतानाही ती माणसांकडे तशीच बघायची, आणि मग समोरच्याला उगाच आपल्या शर्टाचं बटण उघडं आहे की काय असं वाटायचं.

माझ्या पोटदुखीची सुरुवात नांदेडलाच झाली. तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या सरांनी एका म्हाताऱ्याच्या छातीचा एक्स-रे लावला आणि विचारलं, "काय दिसतं?" मी आदल्या आठवड्यातच तो धडा पाठ केलेला. उभी राहिले आणि उजव्या फुफ्फुसातल्या डागाची जागा, आकार, कडा, पाच शक्यता, सगळं धडाधड सांगून टाकलं. सर मान डोलावत होते. मग त्यांनी मागच्या बाकावरच्या महानंदाला विचारलं. ती उठली, मान कलती केली आणि म्हणाली, "सर, मागचा फोटो कुठाय?"

वर्ग हसला. सरांनी विचारलं, मागचा कशाला? तर ही बाई म्हणते, "माझे अप्पा देवणीचे बैल बघून देतात सर. ते म्हणतात, एका बाजारात बघून बैल घेऊ न्हाई. मागच्या बाजारात कसा चालत हुता ते आठवावं."

आता वर्ग बाकं बडवायला लागला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी टेबलावरच्या पाकिटातून त्याच म्हाताऱ्याचा जुना एक्स-रे काढून शेजारी लावला. डाग तसाच, तिथेच. जुन्या क्षयाचा व्रण. माझ्या पाचही शक्यता त्या एका पाकिटात गेल्या. "हिने बरोबर प्रश्न विचारला," एवढंच सर म्हणाले आणि मला "बसा" म्हणाले. बैलांनी माझा नंबर खाल्ला, हे मी आजवर विसरले नाही.

आमच्याकडच्या छात्यांमध्ये असे जुने व्रण फार. कधीतरी क्षय होऊन गेलेला असतो, त्यावर बिड्यांचा धूर, बायकांना चुलीचा धूर. त्यामुळे नवा डाग दिसला की तो खरंच नवा आहे की जुनाच आता दिसला, हाच सगळा प्रश्न. महानंदा म्हणायची, "एका फोटोत काय हाय ते दिसतं. दोन फोटोंत कुठं निघालंय ते दिसतं." म्हणून तिने बिडी-सिगारेटवाल्या, पन्नाशी ओलांडलेल्या लोकांच्या मागे लागून दर वर्षी कमी किरणांचा सीटी काढायला लावायचं ठरवलं. सुगी संपली की बोलवायची. काही होत नसताना बोलवायची, याचंच लोकांना नवल वाटे.

पण तिच्या आड एक रीत आली. आमच्याकडे बरं झालेल्या माणसाचे दवाखान्याचे कागद कुणी घरात ठेवत नाही. दुखणं घरात ठेवलं की ते परत माणूस धरतं, अशी समजूत. मग रिपोर्ट अंघोळीच्या पाण्याखाली जळतात, एक्स-रे ग्रहण बघायला जातात नाहीतर कोंबड्यांच्या खुराड्याला लागतात. सीटीची सीडी आली तशी तिचीही सोय लागली.

जळकोटकडचे गणपतराव म्हणून एक म्हातारे माझ्याकडे आले होते. मी त्यांचा डाग बघून "संशयास्पद, सुई घालून तुकडा तपासावा" असा व्यवस्थित रिपोर्ट दिला. ते अर्थातच जिन्यातून उदगीरला फोन लावून तिच्याकडे गेले. तिला आठवलं की मागच्या सुगीनंतर यांचा सीटी झालेला. पुढचं मला तिच्या कंपाउंडरने सांगितलं.

"सीडी कुठाय, गणपतराव?"

"ज्वारीत हाय."

"ज्वारीत म्हंजे?"

"पाखरं लई झालीत बाई. म्हून टांगली. लई चमकते, येक चिमणी बसत न्हाई."

दुसरं कुणी असतं तर कपाळावर हात मारून सुईची चिठ्ठी लिहिली असती. मी लिहिलीच होती. हिने म्हाताऱ्याला गाडीत घातलं, जळकोटला गेली, चपला बांधावर काढून हुरड्यात आलेल्या ज्वारीत शिरली. दोन काठ्यांमध्ये सुतळीला दोन सीड्या लटकत होत्या. कुठली कशाची ते गणपतरावांना सांगता येईना. दोन्ही आणल्या. पहिली लावली तर त्यात त्यांच्या पुतण्याचं लग्न निघालं. दवाखान्यातल्या सगळ्यांनी अक्षता पडेपर्यंत ते बघितलं, कारण गणपतराव मध्येच बंद करू देईनात. दुसरीवरची चिमण्यांची घाण स्पिरिटने पुसली, तेव्हा छाती दिसली.

संध्याकाळी माझा फोन वाजला. "विद्ये, तुझा गणपतराव. डाग मागच्या साली बी हुता. हाय तसंच हाय. सुई नको, सहा महिन्यांनी परत बघू. तुझं माप लई बरोबर हाय बघ, म्हणून तर जुळवता आलं."

हे शेवटचं वाक्य तिने मनापासून म्हटलं होतं, आणि म्हणून ते जास्त झोंबलं. मी "बरं" म्हणून फोन ठेवला. माझ्या दहा ओळींच्या रिपोर्टला चिमण्यांनी घाण केलेल्या तबकडीने हरवलं. रात्री विश्वासला सांगितलं तर तो हसत सुटला. त्या आठवड्यात त्याला मी रोज शेपूची भाजी घातली.

सुतळीवरून उतरवलेल्या त्या सीडीनंतर महानंदाने नवीन काढलं. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, तिच्या अप्पांच्या आडतीचं एक गोदाम रिकामं पडलेलं. तिथे तिने लोखंडी मांडण्या लावल्या, गावांच्या नावाने, आणि लोकांना म्हणाली, "तुमचं दुखणं तुम्ही घरी ठेवू नका, मान्य. माझ्या घरी ठेवा. मला काय बाधतंय?" लोकांना हे पटलं. फोटो, सीड्या पिशव्यांत भरून लोक यायचे, उंबऱ्याशी पिशवी ठेवायचे, मागे न बघता जायचे. मोंढ्यातले व्यापारी कुजबुजायचे की ही सगळ्या तालुक्याचं दुखणं उशाला घेऊन बसली आहे, हिचं काही खरं नाही. ती "इरली" म्हणायची.

मीही लातूरला जाहीर केलं की जुने फोटो आमच्याकडे ठेवा, थंड हवा आहे, कुलूप आहे. कुणीही ठेवले नाहीत.

मग एकदा मी काहीतरी निमित्त काढून तिचं दुकान कसं चालतं ते बघायला गेले. गोदामात अजून तुरीचा वास होता. एक निवृत्त एस.टी. कंडक्टर पेढ्यांचा पुडा घेऊन आलेले. "बाई, सलग दुसऱ्या साली पास झालो!" महानंदाने पेढा घेतला, पूर्ण खाल्ला, बोट त्यांच्या खिशाकडे केलं. खिशात बिडीचं बंडल.

"ह्ये काय?"

"आता साफ हाय म्हणल्यावर..."

"कंडक्टरसाहेब, कालच्या तिकिटावर आज गाडीत बसू देत हुता का?"

कंडक्टरांनी बंडल खिशात आणखी खाली ढकललं. ती पुढे म्हणाली, "मागचे दोन्ही साफ हायत, म्हणून तुमची काळजी मी कमी धरते, हे खरं. पण कमी म्हंजे न्हाईच असं न्हाई. बिडी सोडा, मग पुढचा फोटो दोन साल सोडून काढू. न्हाई सोडली तर दर साली या, पेढे घेऊन."

तिच्याकडे कुणी पास नव्हतं की नापास नव्हतं. "काही नाही" असं ती कधीच म्हणायची नाही. तिचं सगळ्यात चांगलं बोलणं म्हणजे "हाय तसंच हाय". एरवी हे शब्द आपण नळाला पाणी आलं का विचारल्यावर वापरतो. तिच्या तोंडून ते ऐकायला लोक देवणीहून यायचे आणि गावात जाऊन सांगायचे, "बाई म्हणली, हाय तसंच हाय," आणि घरात पुरण घालायचे. मी कुणाला "नॉर्मल" म्हटलं तर ते विचारायचे, "म्हंजे?"

आता विश्वासचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय महानंदा पुरी होत नाही.

विश्वास लातूरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि वसतिगृहात असल्यापासून सिगारेट ओढायचा. मी त्याला किती वेळा म्हटलं, माझ्या मशीनमध्ये एकदा झोप. तो म्हणायचा, "सुताराच्या बायकोने रोज खाटेवर रंधा मारायचा नसतो." दर दिवाळीच्या आधी एक दिवस तो उदगीरच्या कॉलेजात परीक्षेच्या कामाला जायचा. तेवढ्यापुरती मला उदगीरची आठवण गोड असायची, कारण येताना तो चिवडा आणायचा.

एका हिवाळ्यात त्याचा खोकला हटेना. मी ऐकलं नाही, त्याला मशीनमध्ये झोपवलंच. उजव्या बाजूला वर, वाटाण्याएवढा डाग, कडा खडबडीत. एवढी वर्षं मी परक्यांच्या छात्या वाचल्या, पण त्या दिवशी तोच डाग मी तीन वेळा मोजला. माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "मागचा एखादा फोटो असता तर!" विश्वास शर्टाची बटणं लावत होता. हैदराबादच्या सर्जनने फोटो बघितला, सिगारेटची वर्षं ऐकली आणि म्हणाला, वाट बघण्यात अर्थ नाही, काढून टाकू. मी दोघांच्या बॅगा भरल्या. चार दिवस आम्ही एकमेकांशी फक्त मीठ-पाण्याचं बोललो.

निघायच्या सकाळी विश्वास गाडीत बसला आणि समोर बघत म्हणाला, "उदगीरवरून जाऊ."

"का?"

"माझे मागचे तिथे आहेत."

"मागचे काय?"

"फोटो. महानंदाकडे. तीन आहेत."

मी गाडीची किल्ली काढून मांडीवर ठेवली. परीक्षेचं काम! नवऱ्याने दुसऱ्या बाईकडे जावं, वर्षानुवर्षं जावं, आणि तेही फुफ्फुसं दाखवायला! साडी-दागिन्यांचं असतं तर समजून घेतलं असतं. मी ओरडले, "आणि मी? माझं मशीन घरापासून दोन गल्ल्यांवर आहे!"

"तू वाचत असताना मला तुझा चेहरा बघावा लागला असता," तो म्हणाला. "तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही."

"मग त्या दिवशी फोटो काढल्यावर का बोलला नाहीस?"

"डाग तिथं आधीपासून आहे, ते माहीत होतं मला. पण तुझं तोंड बघितलं आणि वाटलं, यंदा वाढलाच. मग काय सांगायचं?"

उदगीर येईपर्यंत मी रडत होते की चिडत होते, मला सांगता येणार नाही. महानंदाने आम्हा दोघांना एकत्र बघितलं आणि सगळं ओळखलं. लातूरच्या मांडणीवरून तिने पाकीट काढलं.

"तू मला बोलली का नाहीस?" मी उंबऱ्यातूनच विचारलं.

"दर साली ह्याला म्हणून राहिले, बायकोला सांग. सांगितलं न्हाई ह्यानं. मी कशी सांगू विद्ये? छाती त्याची हाय."

मला वाटलं, आता ती फोटो लावेल, मान कलती करेल, डोळा मिटेल आणि माझ्या नवऱ्याचं काय होणार ते मला सांगेल. ते ऐकायची माझी तयारी नव्हती. चांगलं असतं तरी तिच्या तोंडून नको होतं. पण तिने तिन्ही जुने फोटो उजेडाच्या पेटीवर लावले, माझा चौथा शेजारी लावला, मोजपट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तू वाच. मी च्या टाकते." आणि निघून गेली.

मी मोजलं. परत मोजलं. कडा बघितल्या, प्रत्येक कंगोरा जुळवला. मागचा, त्याच्या मागचा, त्याच्याही मागचा. वाटाणा तिथेच होता, तेवढाच होता. मी वळले. विश्वास एका रिकाम्या पोत्यावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता, ज्याला तो इतकी वर्षं घाबरला होता त्याच तोंडाकडे. मला शुद्ध मराठीत काहीतरी म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "हाय तसंच हाय."

तो लहान मुलासारखा रडला. मीही.

बऱ्याच वेळाने महानंदा तीन कप घेऊन आली. चहा कोमट होता. म्हणजे तो केव्हाच झालेला आणि ती बाहेर थांबून राहिलेली. तिने काय निघालं ते विचारलंही नाही. आयुष्यातलं सगळ्यात मोठं वाक्य मी माझ्या नवऱ्याला सांगितलं, पण ते सांगू दिलं तिने. बघा, म्हणजे उदारपणातसुद्धा तीच पुढे. जुने फोटो मोबाइलवर पाठवले, ते बघून सर्जननेही ऑपरेशन नको म्हटलं. विश्वासच्या सिगारेटी त्यानंतर सुटल्या, त्याचं श्रेयही उदगीरलाच गेलं.

पुढच्याच उन्हाळ्यात महानंदा गेली. हृदय बंद पडलं, दवाखान्यात, खुर्चीतच. मोंढ्यातले लोक म्हणाले, सगळ्यांचं दुखणं उशाला घेतलं, भोवलं. तेराव्याला मी गेले तेव्हा तिचा भाऊ गोदाम रिकामं करायला निघाला होता. बाहेर रांग लागलेली. लोक आपापले फोटो न्यायला आले होते. जे दुखण्याचा एक कागद घरात ठेवत नव्हते, ते लोक. गणपतराव आपली सीडी उपरण्यात गुंडाळत होते.

"परत ज्वारीत का?" मी विचारलं.

"न्हाई बाई. देव्हाऱ्यामागं ठेवतो," ते म्हणाले. "आता कुणाकडं ठेवावं?"

मी म्हटलं नाही की माझ्याकडे ठेवा. मीही रांगेत उभी राहिले आणि विश्वासचं पाकीट घेतलं.

पण तिला शेवटचं बघितलं ते विश्वासचे फोटो जुळवले त्या सकाळीच. मी गाडी लातूरकडे वळवली आणि आरशात मागे बघितलं. चौथा फोटो, माझ्या मशीनचा, मी तिच्याकडेच ठेवून आले होते. ती गोदामाच्या दारात उन्हात उभी होती. तो फोटो तिने सूर्याकडे धरलेला, मान कलती, एक डोळा मिटलेला. आमचं सगळं ठरलं होतं, चहा पिऊन झाला होता, बघायचं काही राहिलं नव्हतं. तरी ती परत बघत होती. गाडी वळणावर गेली तरी तिने हात खाली केला नव्हता. शेजारी विश्वास डोळे मिटून बसला होता. माझ्या माणसाच्या छातीकडे इतका वेळ, इतक्या शांतपणे मी कधी बघितलं होतं? नाही बघितलं. मला तिचा असा हेवा वाटला की हातातलं स्टिअरिंग घट्ट धरावं लागलं.

तो हेवा अजून आहे. मी अधूनमधून तपासते. वाढत नाही, कमी होत नाही. हाय तसाच हाय.